स्वभावभेद आणि वर्तनाची मुळे : बौद्ध विचारातील 'चरित'

एकाच आईबापांची दोन मुले एकाच खोलीत वाढतात, एकाच चुलीवरचे अन्न खातात, एकाच शाळेत शिकतात. पण एक शांत, तर दुसरा क्षणात भडकणारा. एकाला माणसे हवीत, तर दुसऱ्याला कोपरा आणि पुस्तक हवे. आईला विचारले तर ती म्हणते, "काय करायचं, त्याचा स्वभावच तसा!" आणि वर आपली नेहमीची म्हण असतेच : स्वभावाला औषध नाही.

ही म्हण आपण सहज बोलून जातो. पण तथागतांचा धम्म मानणाऱ्याने तिचा जरा थांबून विचार केला पाहिजे. स्वभावाला औषध नसेल तर शील कशासाठी, समाधी कशासाठी, प्रज्ञा कशासाठी? मनुष्य बदलू शकतो हे गृहीत धरूनच तर भगवान बुद्धांनी पंचेचाळीस वर्षे पायी फिरून उपदेश केला. बौद्ध ग्रंथांत बुद्धांना वैद्याची उपमा दिलेली आहे आणि वैद्य औषध नसलेल्या रोगासाठी फिरत नाही. मात्र चांगला वैद्य सर्वांना एकच पुडी देत नाही, हेही तितकेच खरे. या लेखात आपल्याला पाहायचे आहे ते हेच : माणसे वेगवेगळी का वागतात, बौद्ध आचार्यांनी या वेगळेपणाचा अभ्यास कसा केला आणि तो अभ्यास आज आपल्या घरात, मंडळात व अभ्यासिकेत कसा उपयोगी पडेल.

स्वभावभेद व जन्मभेद

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'माणसांचे स्वभाव वेगवेगळे असतात' या साध्या सत्याचा या देशात फार मोठा दुरुपयोग झालेला आहे. स्वभाव वेगळे, म्हणून गुण वेगळे. गुण वेगळे, म्हणून कर्मे वेगळी. आणि कर्मे वेगळी, म्हणून वर्ण वेगळे, अशी साखळी जोडून चातुर्वर्ण्याचे समर्थन करण्यात आले. आपल्या आजे-पणज्यांच्या पिढ्यांनी त्याचे चटके सोसले. म्हणून कोणी स्वभावाचे प्रकार सांगू लागला की आपण सावध होतो, आणि ते योग्यच आहे.

या साखळीवर पहिला घाव खुद्द बुद्धांनी घातला. 'वासेट्ठ सुत्ता'त वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांचा वाद आहे : ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? ते दोघे बुद्धांकडे येतात. बुद्ध त्यांना गवत आणि झाडे, किडे आणि मुंग्या, चतुष्पाद प्राणी, साप, मासे, पक्षी यांच्याकडे पाहायला सांगतात. या सर्वांत जातीजातींची जन्मजात चिन्हे आहेत. माणसात मात्र केस, डोके, कान, डोळे, हात, पाय यांपैकी कशातही असे जन्मजात वेगळेपण नाही. जो शेती करतो तो शेतकरी, जो कारागिरी करतो तो कारागीर. माणसाची ओळख त्याच्या कर्मावरून होते.

दुसरा घाव परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घातला. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी लिहिलेले भाषण प्रत्यक्षात होऊ शकले नाही. बाबासाहेबांनी ते स्वतःच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ते 'जातिप्रथेचे विध्वंसन' या नावाने आपणा सर्वांना माहीत आहे. गुणांवर आधारलेले चातुर्वर्ण्य तरी चालेल, असे म्हणणाऱ्यांना त्यात उत्तर देताना बाबासाहेब ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचा दाखला घेतात. प्लेटोनेही माणसांचे स्वभावानुसार तीन वर्ग कल्पिले होते. बाबासाहेबांचा आक्षेप असा की, प्रत्येक व्यक्ती एकमेवाद्वितीय असते, ती स्वतःच एक वर्ग असते, हे प्लेटोच्या ध्यानात आले नाही. माणसांना तीन-चार खणांत कायमचे कोंबणे केवळ अन्यायाचे नव्हे, तर अशास्त्रीयही आहे.

ही दोन सूत्रे मनाशी पक्की ठेवूनच आपण पुढे जाऊ.

वर्तनाच्या मुळाशी काय असते?

माणूस अमुक गोष्ट का करतो? धम्माचे उत्तर थोडक्यात असे : अकुशल वर्तनाची मुळे तीन, लोभ (राग), द्वेष आणि मोह. कुशल वर्तनाची मुळेही तीन, अलोभ, अद्वेष आणि अमोह. म्हणजेच त्याग, मैत्री आणि प्रज्ञा. (येथे 'राग' हा शब्द पाली अर्थाने, म्हणजे आसक्ती या अर्थाने घ्यावा, आपल्या बोलीतला 'राग' म्हणजे संताप हा द्वेषात येतो.) कालामांना उपदेश करताना बुद्धांनी त्यांना हाच प्रश्न विचारला होता : माणसाच्या मनात लोभ, द्वेष, मोह उत्पन्न झाले तर ते त्याच्या हिताचे की अहिताचे? उत्तर कालामांनी स्वतःच्या अनुभवातून दिले.

ही मुळे मनात कशी काम करतात, तेही सांगितलेले आहे. डोळा, कान, नाक, जीभ, त्वचा व मन यांचा विषयाशी स्पर्श झाला की वेदना उत्पन्न होते. वेदना तीन प्रकारची : सुखद, दुःखद आणि सुखदही नाही व दुःखदही नाही अशी. सुखद वेदनेच्या पोटात राग दबा धरून असतो, दुःखद वेदनेच्या पोटात द्वेष आणि तिसरीच्या पोटात अविद्या, म्हणजे बेसावधपणा.

एक रोजचे उदाहरण घेऊ. बँकेच्या काउंटरवर गर्दी आहे आणि यंत्र बंद पडल्यामुळे पासबुक भरून मिळायला उशीर होत आहे. गैरसोय सर्वांची सारखीच. पण एकजण गोड बोलून, ओळख काढून आपले काम आधी करून घेऊ पाहतो. दुसरा काउंटरवर हात आपटतो. तिसरा आपण नेमके कोणत्या कामासाठी आलो हेच विसरून भलत्याच रांगेत उभा राहतो. परिस्थिती एक, प्रतिक्रिया तीन. काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेला कर्मचारीही या तिघांपैकी कोणीतरी एक असतोच, हे मी स्वानुभवाने सांगतो.

लक्षात घ्या, तिन्ही मुळे प्रत्येकाच्या मनात असतात. फरक इतकाच की एखाद्यात एक मूळ जोरकस असते आणि वारंवार वर येते. या जोरकस कलालाच बौद्ध आचार्यांनी 'चरित' असे नाव दिले.

सहा चरिते

चरितांचे सविस्तर विवेचन आचार्य बुद्धघोष यांच्या 'विसुद्धिमग्ग' (विशुद्धिमार्ग) या पाली ग्रंथात आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेतील अनुराधपूरच्या महाविहारात हा ग्रंथ रचला गेला. आपल्याला अभिमानाची गोष्ट अशी की, गोव्यात जन्मलेल्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी त्याचे संपादन केले. त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली.

ग्रंथाच्या तिसऱ्या परिच्छेदात सहा चरिते सांगितली आहेत :

(१) रागचरित : आवडीकडे, सौंदर्याकडे ओढ असणारा.
(२) द्वेषचरित : चटकन नाराज होणारा, दोष पाहणारा.
(३) मोहचरित : गोंधळणारा, दुसऱ्याचे पाहून वागणारा.
(४) श्रद्धाचरित : विश्वास ठेवणारा, उदार मनाचा.
(५) बुद्धिचरित : पारखून घेणारा.
(६) वितर्कचरित : सतत विचारांच्या फेऱ्यांत असणारा, एका कामावर न टिकणारा.

ही चरिते ओळखावी कशी? आचार्य म्हणतात, माणसाचे चालणे, काम करणे, जेवणे, पाहणे आणि मनाचे व्यापार यांवरून. यातील झाडू मारण्याचे वर्णन आपण बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी विहाराच्या सफाईत पडताळून पाहावे असे आहे. रागचरिताचा माणूस झाडू नीट धरतो, घाई न करता, माती न उडवता, फुले अंथरावीत तसे स्वच्छ व एकसारखे झाडतो. द्वेषचरिताचा माणूस झाडू घट्ट आवळतो, खरखर आवाज करीत, दोन्ही बाजूंना माती उडवीत घाईघाईने झाडतो. जागा मात्र स्वच्छ होत नाही. मोहचरिताच्या माणसाच्या हातात झाडू सैल असतो. तो कचरा इकडचा तिकडे करतो, आणि काम झाले की राहिले हे त्यालाही कळत नाही.

जेवणाचेही तसेच. पहिल्याला गोड व स्निग्ध पदार्थ आवडतात. तो बेताचा गोल घास करून चवीने, सावकाश जेवतो. दुसऱ्याला आंबट, रुक्ष पदार्थ आवडतात. तो तोंडभर घास घेऊन भराभर जेवतो आणि एखादा पदार्थ बिघडलेला असला की बिनसतो. तिसऱ्याची आवड ठरलेली नसते. घास लहान, अर्धा ताटात सांडतो आणि मन भलतीकडेच. झोपेतून हाक मारली तर पहिला सावकाश उठून उत्तर देतो, दुसरा ताडकन उठून चिडल्यासारखा बोलतो आणि तिसरा नुसता 'हूं' करतो. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण वाचताना आपल्याच घरातील माणसे डोळ्यांपुढे येतात.

दोषाच्या शेजारीच गुण

माझ्या मते या विवेचनातील सर्वांत मोलाचा भाग पुढेच आहे. आचार्य म्हणतात, ही सहा चरिते म्हणजे तीन जोड्या आहेत. राग आणि श्रद्धा शेजारी आहेत : राग सुखाच्या वस्तू शोधतो व त्यांना घट्ट धरतो, श्रद्धा सद्गुण शोधते व त्यांना घट्ट धरते. द्वेष आणि बुद्धी शेजारी आहेत : द्वेष नसलेले दोष शोधतो, बुद्धी असलेले दोष शोधते. मोह आणि वितर्क शेजारी आहेत : दोघांतही मनाची चंचलता आहे, एकात गोंधळामुळे, दुसऱ्यात नाना बाजूंनी विचार करण्यामुळे.

याचा व्यवहारातील अर्थ काय? मंडळाच्या सभेत जो सभासद दरवेळी हिशेबावर बोट ठेवतो आणि ज्याला आपण 'खोडी काढणारा' म्हणून टाळतो, त्याच्यात उत्तम हिशेब तपासनीस दडलेला असतो. ज्याला नटण्यामुरडण्याची हौस आहे, तोच जयंतीचा मंच देखणा करतो आणि एकदा मन बसले की निष्ठेने राबतो. ज्याचे मन एका ठिकाणी टिकत नाही, त्यालाच नवीन कल्पना सुचतात. स्वभाव कापून टाकायचा नसतो, वळवायचा असतो. पाण्याला बांध घालून ते शेतात न्यावे तसे.

माणूस पाहून औषध

चरित ओळखल्यावर औषधही वेगळे. रागचरिताला शरीराच्या अशुभत्वाचे चिंतन. द्वेषचरिताला मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही भावना. मोहचरिताला व वितर्कचरिताला आनापानस्मृती, म्हणजे श्वासाकडे लक्ष. श्रद्धाचरिताला बुद्ध, धम्म, संघ, शील, त्याग इत्यादींचे अनुस्मरण. बुद्धिचरिताला मरणस्मृती, धातूंचे पृथक्करण यांसारखे सूक्ष्म विषय. हीच पद्धत बुद्धांच्या चरित्रकथांत दिसते.

सोण कोळिविस हा चंपानगरीचा श्रीमंत घरातला तरुण. भिक्खू झाल्यावर त्याने इतकी चंक्रमणसाधना केली की पायांतून रक्त वाहिले. तरी यश येईना, म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. बुद्धांनी त्याला विचारले, तारा फार ताणल्या तर वीणा वाजते काय? फार सैल सोडल्या तर? त्याला त्याच्याच विद्येतून मध्यम मार्ग समजला.

सोनाराचा एक मुलगा सारिपुत्तांकडे भिक्खू झाला. तरुण आहे म्हणजे आसक्ती प्रबळ असणार, असे समजून सारिपुत्तांनी त्याला अशुभभावना दिली. बरेच महिने झाले तरी प्रगती शून्य. शेवटी ते त्याला बुद्धांकडे घेऊन आले. बुद्धांनी त्याला एक सुंदर कमळ दिले व त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. ज्याचे हात सुंदर वस्तू घडविण्यात वाढले, त्याचे मन कमळावर लगेच स्थिर झाले. आणि ते कमळ डोळ्यांदेखत कोमेजले तेव्हा अनित्यता त्याला कळली. सारिपुत्तांसारख्या महाप्रज्ञावंताचाही अंदाज चुकू शकतो, हे कथाकारांनी लपविलेले नाही.

आणि चुल्लपंथक! चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः विद्वान भिक्खू. त्याने धाकट्याला विहारातून निघून जायला सांगितले. रडत उभ्या असलेल्या चुल्लपंथकाला बुद्धांनी हाताला धरून आत आणले, एक स्वच्छ वस्त्र दिले आणि ते चोळीत राहायला सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले आणि पाठांतराने जे झाले नाही ते हाताच्या कामाने झाले.

ही कथा मी अनेकदा सांगितली आहे. पण ती मला कळली फार उशिरा. काही वर्षांपूर्वी मी संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना इंग्रजी शिकवीत असे. एका मुलाला काळ काही केल्या समजत नसत. एके दिवशी मी सर्वांदेखत त्याला 'दगड' म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मीही चौकशी केली नाही. मनात म्हटले, त्याला शिकायचेच नाही. पुढे एका जयंतीला मंडपात दिवे आणि ध्वनिक्षेपक बसवायला जो तरुण आला तो हाच. एक वायर सारखी गरम होत होती. "काका, सगळा भार एकाच तारेवर टाकलाय. तो वाटून द्यायला पाहिजे," असे म्हणून त्याने मला जोडणी समजावून सांगितली. मला कळली नाही. त्याने पुन्हा सांगितली, कागदावर काढून दाखविली. तिसऱ्यांदा सांगूनही मी नुसती मान डोलावली. तो हसला, पण मला दगड म्हणाला नाही. त्या दिवशी महापंथक कोण होता, हे मला समजले. मी त्याची माफी मागितली. पण अभ्यासिकेतून गेलेली त्याची वर्षे माफीने परत येत नाहीत.

आजचे मानसशास्त्र

योगायोग असा की, ज्या १९३६ साली बाबासाहेबांनी व्यक्तीच्या एकमेवाद्वितीयत्वाचा मुद्दा मांडला, त्याच साली ऑलपोर्ट व ओडबर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी शब्दकोशातून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० इंग्रजी शब्द गोळा केले. त्याआधी १९२१ साली युंग यांनी अंतर्मुख व बहिर्मुख हे प्रकार मांडले होते. आज संशोधक प्रामुख्याने पाच गुणांचा विचार करतात : नावीन्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक अस्थिरता. महत्त्वाची गोष्ट ही की, हे पाच खण नाहीत. उंचीप्रमाणे ती पाच मापे आहेत. प्रत्येक माणसात प्रत्येक गुण कमी-अधिक असतोच. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून या फरकांत अनुवंशाचाही बराच वाटा आहे असे दिसते. परंतु त्यातून जातीचे समर्थन होत नाही, उलट ते ढासळते. कारण अगदी सख्ख्या भावंडांचे स्वभावही वेगळे निघतात. मग हजारो-लाखोंच्या जातीचा एक स्वभाव कसा असेल?

सावधगिरी आणि आचरण

स्वतः बुद्धघोषांनीही एक प्रामाणिक कबुली दिली आहे. चालण्या-जेवण्यावरून चरित ओळखण्याच्या या खुणा मूळ पाली वचनांत वा अट्ठकथेत पूर्णपणे आलेल्या नाहीत, त्या आचार्यांच्या मतानुसार आहेत. म्हणून त्यांवर सर्वस्वी विसंबू नये, असे ते सांगतात. चरिताचे कारण मात्र ते गतजन्मीच्या कर्मात शोधतात. तेथे आपण बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रकाशात थांबले पाहिजे. माणसाची आजची स्थिती त्याच्या गतजन्मीच्या कर्माने ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी नाकारली. आपल्याला निरीक्षण घ्यायचे आहे, दैववाद नाही.

सभासदांनी व विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी आचरणात आणाव्यात असे सुचवावेसे वाटते :

(१) चरित आधी स्वतःचे पाहावे. आठवडाभर रोज रात्री एवढेच लिहावे : आज मी केव्हा हावरा झालो, केव्हा चिडलो, केव्हा बेसावध राहिलो? कोणता रकाना भरला, ते आपोआप दिसेल.

(२) वेदना आणि प्रतिक्रिया यांच्यामध्ये एक श्वास घ्यावा. बदल घडतो तो तेथेच.

(३) दुसऱ्याचे वर्णन करताना 'तो असाच आहे' असे न म्हणता 'तो आज असे वागला' असे म्हणावे.

(४) मंडळातील कामे वाटताना माणसाचा कल पाहावा. एखाद्याचा दोष खटकला तर त्याच्या शेजारचा गुण शोधावा.

(५) मुलाला एका पद्धतीने समजले नाही तर पद्धत बदलावी. दगड, मठ्ठ, ढ हे शब्द घरातून व अभ्यासिकेतून हद्दपार करावेत. आपल्या समाजावर शेकडो वर्षे शिक्के मारण्यात आले. ते आपल्या हाताने आपल्याच लेकरांवर मारू नयेत.

(६) आपल्या वाईट वागण्याला स्वभावाची ढाल करू नये. कल आपल्या हातात नसेल, पण सराव आपल्या हातात आहे.

धम्मबंधू आणि भगिनींनो, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी जन्माने चिकटविलेली ओळख एका दिवसात फेकून दिली. एवढे मोठे परिवर्तन ज्या समाजाने करून दाखविले, त्या समाजातील माणसाने 'माझा स्वभावच तसा' असे म्हणून हात झटकावेत हे शोभत नाही. स्वभावाला औषध आहे. फक्त ते माणूस पाहून, मायेने आणि पहिल्यांदा स्वतः घेऊन मग दुसऱ्याला द्यायचे असते.

नमो बुद्धाय! जय भीम!